गोव्यात पूर आला तर नेमका फोन कुणाला करायचा?

पावसाळ्याआधी एवढं करून ठेवाच. पहिलं म्हणजे तुमच्या तालुक्याच्या मामलेदार ऑफिसातल्या कंट्रोल रूमचा नंबर विचारून घ्या आणि दारामागे मोठ्या अक्षरात लावा, आजीलाही वाचता आला पाहिजे. जीवावर बेतलं तर सरळ 112, अॅम्ब्युलन्सला 108, झाड पडलं तर फायर ब्रिगेडचा 101.

वरून यंत्रणा कशी चालते तेही माहीत हवं. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्याचं प्राधिकरण मुख्यमंत्र्यांकडे, जिल्ह्याचं कलेक्टरांकडे, म्हणजे शाळा बंद ठेवणं, लोकांना हलवणं, एनडीआरएफ म्हणजे केंद्राचं आपत्ती बचाव दल मागवणं हे तिथून ठरतं, पंचायतीत जाऊन ओरडून ते होत नाही, पण कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाला उचलून न्यावं लागेल ही यादी मात्र पंचायतीकडेच असायला हवी, ती पंच मेंबरकडे आत्ताच द्या!

साखळी-डिचोलीवाल्यांनी नुसता पाऊस बघू नका, अंजुणे धरणाचे दरवाजे उघडणार का तेही बघा, कारण ते पाणी वाळवंटी नदीत येतं आणि वरती सत्तरी तालुक्यात पावसाचा जोर असला की बाजारात शिरायला वेळ लागत नाही. दुकानातला माल वरच्या फळीवर, मेन स्विच बंद, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत.

गावातल्या पोरांनी आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं, ट्रेनिंग घ्या, खरंच कामाला येतं.