जिमसाठी आणि फोनवर बोलायला इअरफोन घेताय? आधी हे बघा

दुकानात जा नाहीतर ऑनलाइन बघा, बॉक्सवर आधी डोळ्यात भरतं ते १३ एमएम ड्रायव्हर, ५० तास प्लेबॅक, एक्स्ट्रा बेस वगैरे. जिमच्या दृष्टीने यातलं फारसं काही कामाचं नाही. बघायच्या गोष्टी तीनच: कानात टिकतो का, घाम सोसतो का, आणि समोरच्याला आपला आवाज नीट जातो का. गाणी कशी वाजतात हे त्यानंतर, कारण जिमवाल्याचा स्पीकर तिकडे फुल्ल आवाजात पंजाबी लावून बसलेलाच असतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो फिटिंगला. बॉक्समध्ये बहुतेक वेळा बडच्या (कानात जाणाऱ्या तुकड्याच्या) टोकाला लावायची तीन साइजची रबरं येतात, मधलं आधीच लावलेलं असतं आणि बरेच लोक तेच वर्षभर वापरतात, मग म्हणतात बेसच नाही आणि सारखा पडतो. अहो रबर सैल असेल तर बेस आधी गळतो! दुसऱ्या हाताने कान थोडा वर आणि मागे ओढा, बड आत सरकवा, किंचित फिरवा. बरोबर बसला की बाहेरचा आवाज एकदम दबतो आणि गाणं भरून येतं. दोन्ही कान सारखे नसतात, त्यामुळे डावीकडे मध्यम आणि उजवीकडे मोठं रबर लावावं लागलं तर बिनधास्त लावा. मग तोंड मोठ्ठं उघडा, काहीतरी चावल्यासारखं करा, मान खाली घालून हलवा, जबडा हलला की कानाच्या आतला आकारही थोडा बदलतो आणि सैल बड तिथेच बाहेर यायला लागतो. शेवटी आडवं पडून बघा, बेंचवर पडल्यावर बाहेर येणारे बड्स उभं असताना मस्त बसलेले असतात. तरी टिकत नसेल तर कानावरून हूक येणारे किंवा छोटा पंख असलेले बघा, नाहीतर फोमची रबरं वेगळी मिळतात ती लावा, पकड चांगली असते पण घामाने लवकर खराब होतात आणि बदलत राहावी लागतात.

रबर नसलेले, म्हणजे नुसते कानात अडकवायचे ते बड्स घरी-ऑफिसात आरामशीर वाटतात, पण जिममध्ये बाहेरचा गोंगाट थेट आत येतो आणि आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, ९० डेसिबलला मात्र फक्त ४ तास. म्हणजे रोज तासभर जोरात ऐकलं तर सोमवार ते गुरुवारमध्येच कोटा संपला. आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये हेडफोनच्या आवाजाची पातळी दिसते, एकदा उघडून बघा.

उलट बाजूही आहे. रबर घट्ट बसलं की ट्रेडमिलवर स्वतःची पावलं डोक्यात धप्प धप्प वाजतात आणि कॉलवर स्वतःचाच आवाज घुमतो. पीस खराब नाहीये, कान बंद झाला की असंच होतं. ट्रान्सपरन्सी मोड (बाहेरचा आवाज मुद्दाम आत सोडणारा) असेल तर थोडं बरं वाटतं आणि रस्त्यावर पळणार असाल तर तो हवाच, मागून येणारी रिक्षा ऐकू यायला नको का.

आता घाम. यासाठी बॉक्सवरचं आयपीएक्स, म्हणजे पाणी सोसण्याचं रेटिंग बघा. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी सोसेल, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. एक्स म्हणजे धुळीचं रेटिंग दिलेलंच नाही. गंमत म्हणजे ७ वाला ५ ची टेस्ट पास झालेलाच असतो असं नाही, बुडवणं वेगळं आणि धार वेगळी, म्हणून आयपीएक्स७ बघून नळाखाली धरायला जाऊ नका. जिमला आयपीएक्स४ पुरतं, ५ मिळालं तर अजून चांगलं. पण या टेस्ट साध्या पाण्याने होतात आणि आपल्या घामात मीठ असतं, ते चार्जिंगच्या पिनांवर बसतं आणि हळूहळू त्या काळ्या-हिरव्या पडतात, मग एक बड चार्जच होत नाही. केसला तर बऱ्याचदा रेटिंगच नसतं. त्यामुळे वर्कआउट संपला की लगेच केसमध्ये टाकायचे नाहीत, आधी कोरड्या कपड्याने पुसायचे, पाचेक मिनिटं उघडे ठेवायचे, मग केस. वॉरंटीचा कागदही वाचा, रेटिंग छापूनसुद्धा पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही असं बऱ्याच ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

कॉलसाठी घेत असाल तर एएनसी आणि ईएनसी यात गल्लत करू नका, सेल्समनसुद्धा करतात. एएनसी तुमच्या कानासाठी, एसीची घरघर, ट्रेडमिलची मोटर असले एकसुरी आवाज त्याने कमी होतात, डंबेल आपटल्याचा आवाज किंवा ट्रेनरची आरडाओरड त्याने फारशी थांबत नाही, ते काम रबराचं. ईएनसी माइकसाठी, म्हणजे समोरच्याला तुमच्या मागचा गोंधळ कमी ऐकू यावा म्हणून. टेस्ट करायची तर व्हॉइस रेकॉर्डर लावून उपयोग नाही, बऱ्याच फोनवर तो फोनचाच माइक घेतो. सरळ घरी कुणाला तरी कॉल लावा, पंख्याखाली उभं राहून बोला आणि विचारा कसं येतंय. आणि कॉल आला की समोरचा डब्यातून बोलल्यासारखा वाटतो तेही नॉर्मल आहे, ब्लूटूथ माइक चालू झाला की फोन गाण्याच्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये जातो आणि तिथे क्वालिटी कमीच असते. महागड्यातही थोडंफार होतं.

माझं स्पष्ट मत, दिवसभर कॉल असतील तर नेकबँड घ्या, जुनाट दिसतो म्हणून लाजू नका. बॅटरी मोठी, बटणं खरीखुरी, काढला की गळ्यात लटकतो, हरवत नाही. एकच अडचण म्हणजे स्क्वॉट. बार खांद्यावर घेतला की नेमका पट्ट्यावर येतो, तेवढ्या सेटला काढून ठेवावा लागतो. बारबेलवालेच असाल तर बड्स. पण टच कंट्रोल अ‍ॅपमधून बंद करता येतो का ते आधी बघा, नॅपकिनने कान पुसला की गाणं थांबतं नाहीतर कुणालातरी कॉल लागतो, वैताग नुसता.

वायरवाले अजून संपले नाहीत बरं का. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून ॲपलने ३.५ एमएमचं जॅक काढलं, मग बाकीच्या बऱ्याच जणांनीही, पण टाइप-सी वाले मिळतात, स्वस्त असतात, चार्जिंगची कटकट नाही आणि माइक तोंडाजवळ असल्यामुळे कॉल छान होतात. वायर टी-शर्टला घासली की कानात खरखर येते, ती कानावरून मागे घेऊन टी-शर्टच्या आतून सोडली की बरीच कमी होते. मशीनवाल्या एक्सरसाइजला मात्र वायर अडकते, सांभाळून.

एलडीएसी वगैरे कोडेकसाठी (ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धती) जिमच्या इअरफोनला जास्त पैसे घालू नका, आयफोनवर तर एलडीएसी चालतच नाही, तिथे एएसी. लॅपटॉप आणि फोन दोन्हीला एकदम जोडायचं असेल तर मल्टिपॉइंट आहे का बघा, हे खरंच कामाचं. प्लेबॅकचे तास वाचताना केस धरून आहेत की नुसत्या बडचे ते बघा, ५० तास लिहिलेलं असतं तेव्हा बड स्वतः बहुतेक सहा-सात तासच चालतो, आणि जिमला तेवढं भरपूर झालं.

घेताना दोन प्रश्न विचारा. एक, उघडल्यावर परत घेता का, कारण कानात घालायची वस्तू म्हणून बरेच जण फक्त खराब पीस बदलून देतात, फिटिंग जमलं नाही हे कारण चालत नाही. दुसरा, एक बड हरवला तर सुटा मिळतो का आणि केवढ्याला, कारण लॉकर रूममध्ये हरवतो तो एकच हरवतो.