जीपीटी-2 कडून 6 थरांचं छोटं मॉडेल शिकवून घेताना

‘सकाळी गरमागरम’ यापुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधताना समजा मोठ्या भाषा-मॉडेलने ‘चहा’ला 60 टक्के, ‘पोहे’ला 25 आणि ‘उपमा’ला 10 टक्के दिले. छोट्या मॉडेलकडून नुसता ‘चहा’ घोटून घेतला, तर पोहे-उपम्याची माहिती वाया जाते. हिंटन, विन्याल्स आणि डीन यांनी 2015 मध्ये मांडलेल्या डिस्टिलेशनमध्ये छोटं म्हणजे स्टुडंट मॉडेल मोठ्या म्हणजे टीचर मॉडेलची सगळी टक्केवारी शिकतं. इथे टीचर आहे ओपनएआयच्या जीपीटी-2 या भाषा-मॉडेलची 12 थरांची आवृत्ती.

स्टुडंटला 6 थर द्या, रुंदी (प्रत्येक टोकनसाठी, म्हणजे शब्दाच्या तुकड्यासाठी, वापरलेल्या आकड्यांची संख्या) टीचरइतकी 768 च ठेवा, म्हणजे टीचरचे थर जसेच्या तसे उचलता येतात: शून्यापासून मोजून 0, 2, 4, 7, 9, 11. एम्बेडिंग (टोकनचे आकडे करणारा तक्ता) आणि शेवटचा लेयर-नॉर्म (आकडे एका पट्टीत आणणारा भाग) हेही घ्या. टोकनायझर (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) दोघांचा एकच हवा, नाहीतर टक्केवारी भलत्याच टोकनला चिकटते. (मराठी मजकुरासाठी मात्र हा टोकनायझर नको. तो बाइटवर चालतो आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण, प्रत्येक मात्रा 3 बाइटची. 1,024 टोकनांचा संदर्भ बघता बघता भरतो.)

टीचर इव्हॅल मोडमध्ये (शिकण्याऐवजी नुसतं वापरण्याच्या स्थितीत) टाका, त्याचे ग्रेडियंट (वजनं किती बदलायची याचा हिशेब) बंद करा. ड्रॉपआउट (शिकताना काही आकडे मधूनच शून्य करणं) चालू राहिला तर एकाच वाक्याला दर वेळी वेगळी टक्केवारी येते.

दोघांचे लॉजिट (टक्केवारीआधीचे कच्चे आकडे) तापमानाने, म्हणजे टक्केवारी पसरवणाऱ्या भाजकाने, इथे 2 ने भागून सॉफ्टमॅक्सने टक्केवारी करा, त्यांतला केएल (दोन टक्केवाऱ्यांतल्या फरकाचं माप) काढा आणि 4 ने गुणा. तापमानामुळे ग्रेडियंट साधारण त्याच्या वर्गाच्या पटीत घटतो, तो असा भरून निघतो. त्यात नेहमीचा क्रॉस-एन्ट्रॉपी लॉस (खऱ्या पुढच्या टोकनच्या अंदाजातली चूक) मिसळा. निम्मे-निम्मे ही सुरुवात चांगली.

खरी गोची पायटॉर्च या प्रोग्रॅमिंग लायब्ररीच्या केएल फंक्शनमध्ये आहे. त्याला द्यायची पहिली टक्केवारी स्टुडंटची, तीही लॉग घेतलेली. दुसरी टीचरची, साधी. सरासरीची पद्धत बदलली नाही तर बेरीज 50,257 टोकनांच्या शब्दसंग्रहानेही भागली जाते. केएलचा भाग जवळपास शून्य होतो, लॉसचा आलेख छान उतरत राहतो आणि स्टुडंट टीचरकडून काहीच शिकत नाही. ‘बॅचमीन’ लावलंत तर भागाकार फक्त पहिल्या मितीने होतो, म्हणून आधी बॅच (एकाच वेळी दिलेले मजकूर) आणि लांबी एकत्र सपाट करा. पॅडिंगच्या, म्हणजे लांबी सारखी करायला भरलेल्या, जागा त्याआधीच गाळा.

मेमरीचा हिशेब आधी करा: 8 मजकुरांच्या बॅचचे 8 × 1,024 × 50,257 लॉजिट फ्लोट-32 (दर आकडा 4 बाइट) मध्ये सुमारे 1.65 जीबी, आणि हे एकाच मॉडेलचे. जीपीयू अपुरा पडला तर बॅच 2 करून ग्रेडियंट चार वेळा साठवा आणि मगच वजनं बदला. सॉफ्टमॅक्स मात्र फ्लोट-32 मध्येच राहू द्या.

एवढ्यावर स्टुडंट दिलेल्या मजकुरावर नीट चालतो, पण स्वतः लिहायला लागला की चाळिसाव्या-पन्नासाव्या टोकननंतर तेच तेच घोळवू शकतो. स्वतःच्या चुकांच्या पुढे कसं लिहायचं, हे त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून शेवटच्या टप्प्यात काही बॅचचा मजकूर स्टुडंटकडूनच लिहून घ्या, टीचरकडून प्रत्येक टोकनची टक्केवारी काढा आणि तोच केएल लावा. तपासतानाही केएल दोनदा मोजा: एकदा बाजूला ठेवलेल्या मजकुरावर, एकदा स्टुडंटच्या लिखाणावर. पहिला उतरतोय आणि दुसरा अडलाय, तर असे बॅच वाढवा.