विहिरीतलं पाणी आवाजाने मोजताना उन्हाचा हिशेब

आमच्या देवगडात मे महिन्यात विहिरीत पाणी किती उरलंय, त्यावर कलमांचं शिंपणं ठरतं. म्हणून मी विहिरीवर आडवा वासा टाकून मधोमध जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ सेन्सर लटकवलाय. कडेला लावलात तर जांभ्याचे बाहेर आलेले चिरेच मोजत बसाल.

सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि तो पाण्यावरून परत यायला लागलेला वेळ देतो. अंतर आपण काढायचं. सेन्सर ज्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला जोडतो, त्याच्या तयार प्रोग्रॅममध्ये सेंटिमीटर काढायला बहुधा मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलेलं असतं. हा ५८ साधारण २२ अंशांच्या हवेला लागू. मे महिन्यात देवगडला २२ अंश? स्वप्नात! ३५ अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३५२ मीटर धावतो, लवकर परततो, आणि पाणी ४ मीटर खाली असताना आकडा ३९१ सेंटिमीटर येतो. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत हे ९ सेंटिमीटर म्हणजे सहाशेच्या वर लिटर, तेही नसलेलं पाणी. छपरावरच्या टाकीत अंतर मीटरभरच, तिथे मी हे सगळं करत नाही.

तर ५८ काढा आणि लिहा: वेग = ३३१.३ + ०.६०६ × तापमान, अंतर = वेग × वेळ ÷ २. वेळ सेकंदांत, उत्तर मीटरमध्ये.

तापमानाला डीएस१८बी२० हा डिजिटल थर्मामीटर घ्या, स्टीलच्या टोपीचा. तो बोर्डाच्या डब्यात ठेवू नका. डबा उन्हात तापतो आणि आवाज काही डब्यातून जात नाही. विहिरीत खाली हवा गार असते, म्हणून एकाच तारेवर दोन लावा: एक वाशाखाली, दुसरा पाण्याच्या हातभर वर. प्रत्येकाचा पत्ता वेगळा असतो, गोंधळ होत नाही. डेटाच्या आणि पॉझिटिव्ह तारेच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. दोघांची सरासरी सूत्रात घाला.

मग दोरीला वजन बांधून पहाटे आणि भर दुपारी अंतर ताडून बघा. दोन्ही वेळा सारखाच फरक आला तर सेन्सरची उंची चुकीची धरलीय, तेवढं वजा करा. दुपारीच फरक वाढला तर थर्मामीटरची जागा बदला.

पावसाळ्यात पाणी वर आलं की खालचा थर्मामीटर ओढून घ्या, नाहीतर तो पाण्याचं तापमान देईल. वासाही उंच करा, कारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं या सेन्सरला दिसत नाही.