पाणवठ्यावर पखुर्ड्या बघायला जाताना काय घालावं

आपल्याकडे पखुर्ड्या (माळरानावर थव्याने राहणारे पक्षी, इंग्रजीत सँडग्राउस) बघायचा हंगाम म्हणजे फेब्रुवारीपासून वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत तेव्हा ओढे आटलेले असतात. पखुर्डी दिवसभर माळावर आणि पडीक रानात सुकं बी टिपते, त्यामुळे तिला पाण्यावर यावंच लागतं. वळीव झाला की जागोजागी डबकी साचतात आणि थवे पांगतात, मग एकाच तळ्यावर बसून राहण्यात काही राम नाही. खानापूर-जांबोटीच्या दाट रानात ही शोधू नये. तिकडे रानकोंबडा असतो, पावसाळ्यात जळवा असतात, आणि तिकडचा पोशाखही निराळा.

बंदूक, गलोल, जाळं यांचा विषयच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. जायचं ते दुर्बीण नाहीतर कॅमेरा घेऊन.

साधी पखुर्डी सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी पाण्यावर येते. आपण निदान तासभर आधी जागा धरून बसलेलं असावं. म्हणजे पहाटेच्या गारठ्यात घरातून निघायचं आणि दहाच्या उन्हात न हलता बसायचं. कपडे निवडताना बहुतेकांचं इथंच चुकतं. ते चालण्याचा विचार करून कपडे घालतात, पण इथं चालणं जेमतेम अर्धा तास आणि बसणं तीन तास. गारठा वाजायला लागला की माणूस चुळबुळतो, ऊन लागलं की स्वेटर ओढून काढतो, आणि नेमका त्याच वेळी थवा डोक्यावर घिरट्या घालत असतो. म्हणून आत पातळ बनियन, वर सैल पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि त्यावर पुढून बटणांनी उघडणारी बंडी घालावी. डोक्यातून काढायचं काहीच नको.

कापड खादीचं किंवा जाड सुती. बेळगावजवळच्या हुदलीची खादी या कामाला उत्तम. शिवायला टाकण्याआधी ती रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावी, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटावरून वर सरकतात. ३६ इंच पन्ह्याच्या सैल सदऱ्याला अडीच ते पावणेतीन मीटर कापड धरावं. टेरिकॉट चमकतं, नायलॉनचं विंडचीटर हात हलवला की सळसळतं. खिशाला चिकटपट्टी (वेल्क्रो) नको, बटण हवं, कारण ती उघडतानाचा चर्र आवाज पन्नास पावलांवर पोचतो.

रंगाबद्दल जरा जास्तच बोललं जातं. मुरमाड माळावर मातकट आणि काळ्या रानात करडा, एवढं पुरे. त्याहून घातक पांढरेपणा. निळीत घातलेला सदरा किंवा ‘शुभ्र धुलाई’च्या पावडरीत धुतलेली खाकी लांबूनही उठून दिसते. त्या पावडरींमध्ये अतिनील उजेड शोषून निळसर चमक सोडणारं द्रव्य असतं, आणि अनेक पक्ष्यांना तर अतिनील उजेडही दिसतो. घरात पांढरी खादी पडून असेल तर ती बाभळीच्या सालीत रंगवता येते. अर्धा किलो कापडाला अर्धा किलो साल दहा लिटर पाण्यात तासभर उकळायची, गाळायची आणि ओलं कापड त्यात पाऊण तास मंद आचेवर ठेवून सावलीत वाळवायचं. साल जळणाच्या तोडलेल्या लाकडाची घ्यावी, उभ्या झाडाची सोलू नये. करडा रंग हवा असेल तर गंजके खिळे भिजवलेल्या पाण्यात एकदा बुचकळून काढावं.

लष्करी ठिपक्यांचे कपडे बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव आहे. अशा वेशात आडरानात बसलेला माणूस दिसला की गावकरी आणि पोलीस दोघंही चौकशी करणार, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

विलायतेत तांबडा ग्राउस नावाच्या तिथल्या माळावरच्या पक्ष्याची शिकार १२ ऑगस्टला सुरू होते आणि १० डिसेंबरला संपते. त्या लोकांचा पोशाख ट्वीडचा, म्हणजे लोकरीचा. वाऱ्यापावसात लोकर ऊब धरते, घासली तरी वाजत नाही, आणि तिचा रंग तिथल्या माळाशी मिसळतो. गुडघ्याखाली चार इंच जास्त कापड सोडून तिथंच आवळलेली त्यांची विजार ओल्या झुडपांतून चालताना पायात लोळत नाही. आपल्याकडे ट्वीडची हौस करायची गरज नाही, धनगरी घोंगडं आहे. काळ्या-करड्या मेंढीच्या लोकरीचं, न रंगवलेलं घोंगडं पहाटे अंगावर घ्यावं, ऊन चढलं की तेच हळूच खाली सरकवून त्यावर बसावं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पांघरलं की माणसाची आकृतीच मोडते, आणि पक्षी बिचकतो तो त्या आकृतीला.

पायात काय, हा प्रश्न कपड्यांपेक्षा मोठा. अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल घरी असणारच, पण ती करकरते, आणि ती करकर कारागिराने मुद्दाम आणलेली असते. पाणवठ्यावर ती नकोच. कॅनव्हासच्या बुटाच्या पातळ तळव्यातून सराटे आत घुसतात. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट घालावेत. विणलेल्या मोज्यात कुसळं अशी रुततात की बसल्यावर दर मिनिटाला हात पायाकडे जातो. त्यावर उपाय म्हणजे बुटाच्या काठापासून पोटरीपर्यंत गुळगुळीत, घट्ट विणीच्या कापडाची पट्टी गुंडाळणं.

तोंड आणि हात मात्र सगळेच विसरतात. सगळं अंग मातकट आणि चेहरा उन्हात लकाकतोय, असं असेल तर कपड्यांचा उपयोग शून्य. रुंद काठाची टोपी, तोंडावर जुनं मळकं उपरणं आणि हातात पातळ सुती मोजे हवेत. घड्याळ, अंगठी, कडं घरी ठेवावं.

जागा निवडताना प्लास्टिक अंथरलेलं शेततळं टाळावं. त्याच्या उभ्या निसरड्या काठावरून पखुर्डी उतरत नाही. पाझर तलावाचा किंवा खाणीतल्या डबक्याचा उघडा, सपाट, उतरता काठ तिला आवडतो. सूर्य पाठीशी घेऊन, झुडपाच्या पुढे नव्हे तर त्याच्या सावलीत, पाण्यापासून चाळीसेक पावलांवर बसावं. रान ज्याचं त्याला आधी विचारावं. कन्नड गावात ‘हक्की नोडाक बंदेवरी’ (पक्षी बघायला आलोय) एवढं म्हटलं तरी काम होतं.

थवा सरळ पाण्यात उतरत नाही. काही अंतरावर उघड्या जमिनीवर उतरतो, थबकतो, मान उंचावून बघतो आणि मग तुरुतुरु चालत येतो. या थबकण्यात हललात तर संपलं. पिणं काही सेकंदांचंच असतं. नर मात्र कधी कधी मागे राहतो. पाण्यात पोटापर्यंत बसून पिसं फुलवतो आणि खालीवर हलत राहतो. पोटाच्या त्या खास पिसांत पाणी शोषून तो पिल्लांकडे नेतो. म्हणूनच थवा दोन-तीनदा घिरट्या घालून न उतरता परतला तर चूक आपली समजून तिथून मागे सरावं.

रंगीत पखुर्डी दगडाळ, झुडपी टेकाडांवरची. ती दिवस मावळल्यावर अंधारात पाण्यावर येते. तिच्यासाठी रंगाची फिकीर नको, आवाजाची मात्र दुप्पट घ्यावी.

परतल्यावर कुसळं आणि गोखरू रानातच झटकावेत, घोंगडं धुऊ नये, उन्हात टाकून काठीने बडवावं. सदरा रिठ्याच्या पाण्यात धुतला की पुढच्या खेपेलाही मातकटच राहतो.