ऐकताना या चुका टाळा: ऑफिसात आणि घरात

समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उपाय सांगणं, ही सगळ्यात मोठी चूक. बायको नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसातून दमून येते आणि म्हणते, "आज सरांनी सगळ्यांसमोर झापलं मला." नवरा लगेच, "मग सोडून दे ना नोकरी!" तिला नोकरी सोडायचीच नसते, काय झालं ते सांगायचं असतं. अशा वेळी "मग? तू काय म्हटलं?" एवढंच विचारा आणि थांबा. राहवत नसेल तर सरळ विचारा, "फक्त ऐकू, की काय करायचं ते बघू?"

ऑफिसात आपण सोयीचं तेवढंच ऐकतो. "सर, शुक्रवारपर्यंत होऊन जाईल, पण हिंगण्याच्या प्लांटमधून बुधवारी आकडे यायला पाहिजेत." साहेबांच्या डोक्यात राहतो तो शुक्रवार, अट हवेत विरते. मग शुक्रवारी दोघांनाही वाटतं की समोरच्याने शब्द फिरवला. म्हणून ऐकलेलं लगेच आपल्या शब्दांत बोलून दाखवा: "म्हणजे बुधवारी आकडे आले तरच शुक्रवार, बरोबर?" कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये सक्रिय ऐकण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात या पडताळणीला मोठं स्थान आहे. मात्र "नाही, तसं नव्हतं म्हणायचं" असं म्हणायला समोरच्याला वाव द्या, नाहीतर ती उलटतपासणी होते.

मोबाइल पालथा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता नागपूरच्या उन्हाळ्यातली एक अडचण. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, घरात कूलर घरघरतोय आणि बाबा तिसऱ्यांदा विचारतात, "काय म्हटलं?" आपण वैतागून ओरडतो किंवा "जाऊ द्या" म्हणतो. हे मला फार लागतं, कारण असा माणूस हळूहळू बोलणंच सोडतो आणि आपण समजतो, त्यांचं लक्ष नसतं. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'फ' असे ध्वनी पुसट होतात. आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. ओरडून तो स्पष्ट होत नाही. कूलर दोन मिनिटं बंद करा, त्यांना तुमचे ओठ दिसतील असे समोर बसा, सावकाश बोला. आणि ते बोलायला लागले की त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. असं वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या.