तरण्या कोंबड्याचा माज : या चुका टाळा

मार्गशीर्षात पिल्ले निघावीत, नाशिकच्या थंडीत ती बल्बच्या उबेवर कशीबशी जगवावीत आणि चैत्रात त्यांतल्याच एखाद्याने कुंपणावर चढून फुटक्या आवाजात पहिल्यांदा आरवून पाहावे, हा मखमलाबादच्या आमच्या परसातला दरवर्षीचा क्रम आहे. त्यानंतर महिन्याभरात ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. “एवढा गरीब होता, आता अंगावर धावून येतो, काय करावे?” हाच प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा चूक दोन-तीन महिन्यांपूर्वीच घडून गेलेली असते.

चौथ्या ते आठव्या महिन्यांच्या दरम्यान कोंबड्याचे शरीर झपाट्याने बदलते. तुरा लाल होतो, मानेवर आणि पाठीच्या मागच्या भागावर लांब, टोकदार पिसे येतात आणि तो एक पंख जमिनीला घासत कोंबडीभोवती फेर धरू लागतो. अंगात जोर आधी येतो आणि दाणा दिसला की कोंबड्यांना हाक मारून बोलावण्याची समज त्यानंतर येते. मधल्या काळात तो धसमुसळा वागणारच.

या काळाआधी केलेली सर्वांत महाग चूक म्हणजे नर पिल्लाला मांडीवर वाढवणे. ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका खुडूक कोंबडीखालून बारा पिल्ले निघाली, त्यांत सात नर होते. त्यांतल्या एका तांबड्याला माझ्या पुतण्याने तळहातावर बाजरी खाऊ घालून इतका माणसाळवला की तो हाक मारताच खांद्यावर येऊन बसे. नाव ठेवले पाटील. चौथ्या महिन्यात पाटील पुतण्याच्या बुटाच्या नाड्यांवर चोची मारू लागला, तेव्हा आम्ही सगळे हसलो. सहाव्या महिन्यात एका सकाळी आई पाण्याची बादली घेऊन खुराड्याकडे गेली आणि त्याने मागून उडी घेऊन तिच्या पोटरीवर दोन वार केले. त्या वयात पायामागचा काटा म्हणजे नुसता एक उंचवटा असतो, तरी नख्यांनी कातडी फाटली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले.

त्यावर मी जे केले ती दुसरी चूक होती. मी खराटा उचलला आणि त्याला चांगला बडवला. कोंबड्याच्या हिशेबात ती शिक्षा नसते. त्याने आव्हान दिले आणि समोरच्याने ते स्वीकारले, एवढेच त्याला कळते. दुसऱ्या दिवसापासून खराटा हातात असलेल्या प्रत्येकावर तो झेप घेऊ लागला आणि पुढे तर भिंतीला टेकवून ठेवलेल्या खराट्याशीही त्याने पिसे फुलवून झुंज मांडलेली मी पाहिली. आषाढात गटारीला त्याचे व्हायचे ते झाले. पुतण्या त्या दिवशी जेवला नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. नर पिल्लांना मी तपासण्यापुरताच हात लावतो. परसात जाताना गमबूट घालतो, कोंबड्याला वळसा घालून जात नाही आणि त्याच्यामागे धावतही नाही, संथपणे आपल्या वाटेने चालतो आणि बाजूला होण्याचे काम त्याच्यावर सोडतो. त्याने पंख पाडून आडवी चाल धरली तर जागचा हलत नाही. अंगावर आलाच तर दोन्ही पंख दाबून त्याला काखेत घेतो आणि पाणी भरणे, अंडी गोळा करणे ही कामे दहा मिनिटे तशीच चालू ठेवतो. बहुतेक कोंबडे काही आठवड्यांत निवळतात. मोबाईलवरच्या व्हिडिओत पाहून त्याची मान जमिनीवर दाबून धरणाऱ्यांविषयी मला फारसे प्रेम नाही. त्यांना तीन दिवसांत गुण हवा असतो, आणि पक्षी मात्र माणसाचा हात दिसताच बिथरायला शिकतो.

आणखी एक मोठी चूक हिशेबाची आहे. उबवलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात, हे ठाऊक असूनही “राहू द्या, बिचारे” म्हणत सगळे एकत्र ठेवले जातात. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. पाटीलच्या वेळी आमच्याकडे सहा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, होत्या आणि सात कोंबडे. दोन तलंगा दुपारपर्यंत पेरूच्या झाडावरून उतरत नसत, दाणा खायला येत नसत, आणि एकीची पाठ उघडी पडून पंखाखाली जखम झाली होती, ती रात्री हाताला चिकट लागली तेव्हा कळली. म्हणून कोंबड्यांची पाठ आणि पंखाखालची बाजू मी आता आठवड्यातून एकदा चाचपतो. जादा नरांसाठी बांबू आणि द्राक्षबागेतली जुनी जाळी वापरून वेगळा वाडा केला आहे. जाळीला गोणपाट लावले आहे, कारण कोंबड्या नजरेस पडल्या की आतले कोंबडे एकमेकांवर तुटून पडतात. त्या दिसल्या नाहीत, तर तेच कोंबडे बरेच गुण्यागोविंदाने राहतात.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतील. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य वाढत्या नरांना घालू नये, त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात. बुधवारच्या बाजारातून आणलेला कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवावा. पायाचा काटा करवतीने मुळापासून कापू नये, आत रक्त असते. जात गिरिराज, कडकनाथ की गावरान यावर स्वभाव ठरवू नये, एकाच उबवणीतले दोन भाऊ दोन तऱ्हेचे निघतात.

शेजाऱ्यांची झोपमोड टाळण्यासाठी खुराडे काळ्या कापडाने झाकणारेही पुष्कळ आहेत. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की कायम मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या अंगच्या घड्याळानुसार आरवतात, आणि २०१५ मध्ये असेही आढळले की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो व बाकीचे उतरंडीप्रमाणे त्याच्यामागून आरवतात. कापडाने वारा तेवढा बंद होतो. कॉलनीत राहणाऱ्यांनी कोंबडा न पाळणेच बरे, त्याच्याशिवायही कोंबड्या अंडी देतातच.

एवढे करूनही वर्षाचा झालेला कोंबडा माणसांवर धावत असेल, तर मी त्याला ठेवत नाही आणि “शांत आहे” असे सांगून दुसऱ्याच्या गळ्यातही बांधत नाही. आमच्या एका नातलगांनी असाच एक कोंबडा “देवाला सोडलेला आहे” म्हणून तीन वर्षे सांभाळला आणि तीन वर्षे त्यांच्या घरची माणसे हातात सूप धरून अंगणातून ये-जा करत राहिली. घरात लहान मूल असेल तर मी वर्षभराचीही वाट पाहत नाही, कारण उडी घेतलेल्या कोंबड्याच्या नख्या आणि तीन वर्षांच्या पोराचे डोळे एकाच उंचीवर येतात.