एक रेणू धरा, चार वर्षं सोडू नका

पुण्याजवळ बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती औषधं, बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) काम करते. दर उन्हाळ्यात बी.फार्म. आणि एम.एस्सी. बायोटेकची पोरं इंटर्नशिपला येतात. त्यांना मी आधी एकच प्रश्न विचारते. इन्सुलिनची व्हायल रात्रभर फ्रीझरमध्ये राहून गोठली, सकाळी बाहेर काढल्यावर वितळून पुन्हा स्वच्छ दिसायला लागली. वापराल? बरेच जण व्हायल उजेडात धरल्याचा अभिनय करतात आणि म्हणतात, "दिसतंय तर नीट, मॅडम."

मार्क चांगले असतात ह्यांचे. प्रथिनाची घडी म्हणजे काय ते त्यांनी बायोकेमिस्ट्रीत लिहिलेलं असतं, २ ते ८ अंशांत साठवण फार्मास्युटिक्समध्ये लिहिलेली असते. गोठताना घडी बिघडते, रेणू एकमेकांना चिकटतात, आणि डोळ्यांना दिसलं नाही म्हणून औषध शाबूत आहे असं होत नाही, हे मात्र दोन पेपरांच्या मधल्या फटीत पडून राहतं. म्हणून बायोफार्माकडे, म्हणजे जिवंत पेशींकडून औषधं बनवून घेण्याच्या धंद्याकडे, जायचं असेल तर माझा सल्ला असा की पहिल्याच वर्षी एक रेणू निवडा आणि येणारा प्रत्येक विषय त्याच्याशी ताडून बघा.

मी ग्लार्जिन सुचवते. दिवसातून एकदा घ्यायचं इन्सुलिन. ओळखीत कुणी ना कुणी ते घेत असतंच. बी.फार्म.च्या दुसऱ्या सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री आली की आधी साधं मानवी इन्सुलिन कागदावर काढा. ए साखळीत २१ अमिनो आम्लं, बी साखळीत ३०, दोघींना जोडणारे दोन डायसल्फाइड (गंधकाचे) बंध आणि तिसरा ए साखळीच्या आतच. आता ग्लार्जिनचा फरक लाल पेनने दाखवा: ए साखळीत २१व्या जागी ॲस्परजिन काढून ग्लायसिन, आणि बी साखळीच्या शेवटी दोन आर्जिनिन जास्तीचे.

तिसऱ्या सेमिस्टरला फिजिकल फार्मास्युटिक्स आलं की तोच कागद पुन्हा काढा. त्या दोन आर्जिनिनमुळे रेणूचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला त्याच्यावरचा एकूण भार शून्य होतो आणि तो सगळ्यांत कमी विरघळतो तो आकडा, ५.४ वरून ६.७ च्या आसपास सरकतो. म्हणून व्हायलमध्ये पीएच ४ ला तो छान विरघळलेला असतो, कातडीखाली ७.४ ला गेला की त्याचा बारीक साका होतो आणि तिथून तो दिवसभर हळूहळू सुटतो. मग ग्लायसिन कशाला? कारण आम्लात २१व्या जागचं ॲस्परजिन टिकत नाही, त्याचं डिअमिडेशन होतं, म्हणजे त्यातला अमाइड गट तुटतो. दोन बदल, दोन कारणं. हे एकदा स्वतः जुळवलंत की बफरचं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचं) प्रकरण पाठ करावं लागत नाही.

त्याच सेमिस्टरला मायक्रोबायोलॉजी असते. मूळ ग्लार्जिन ई. कोलायमध्ये बनतं, बायोकॉन कंपनीचं पिकिया यीस्टमध्ये. ई. कोलाय प्रथिनाचे पेशीतच गोळे करून ठेवतो. ते फोडून, विरघळवून, पुन्हा नीट घडी घालावी लागते. पिकिया माल बाहेर सोडते. पुढची सगळी शुद्धीकरणाची साखळी ह्या एका निवडीवर ठरते. सातव्या सेमिस्टरला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) शिकाल तेव्हा डिअमिडेशन झालेला भाग वेगळा पीक म्हणून कुठे दिसेल ते शोधा. आठव्याला बायोस्टॅटिस्टिक्स येतं. त्याला ऑप्शनला टाकू नका; माझा निम्मा दिवस तेच करण्यात जातो.

आता अडचण. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात फार्मास्युटिकल बायोटेक्नॉलॉजी सहाव्या सेमिस्टरला येतं, ४५ तासांची थिअरी, आणि त्याला प्रॅक्टिकल नाही. म्हणजे ज्या धंद्यात सगळं कौशल्य हातात आहे, तो विषय फळ्यावर संपतो. इथे तुम्हालाच काहीतरी करावं लागेल. बायोरिॲक्टर (पेशी वाढवायची टाकी) नको, अंडं चालेल.

अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम, म्हणजे बॅक्टेरियाची भिंत फोडणारं प्रथिन, असतं, तिथल्या एकूण प्रथिनाच्या साधारण ३.५ टक्के. त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट ११ च्या जवळ. सगळ्यांत जास्त असलेल्या ओव्हाल्ब्युमिनचा ४.५ च्या आसपास. म्हणजे पीएच ८ च्या बफरमध्ये लायसोझाइमवर धन भार आणि ओव्हाल्ब्युमिनवर ऋण. पांढरा भाग बफरने दहापट पातळ करा, फडक्यातून गाळा, सेंट्रिफ्यूज करा. १० मिलीच्या सिरिंजच्या तळाला काचलोकर दाबून वर सीएम-सेल्युलोज (ऋण भाराची पूड) भरा, झाला कॉलम. नमुना हळू सोडा. बाकीचं वाहून जातं, लायसोझाइम धरून राहतं. बफरने धुवा आणि मग ०.५ मोलर मीठ घातलेल्या बफरने ते सोडवून घ्या. प्रथिन ब्रॅडफर्डच्या रंग-चाचणीने मोजा. मायक्रोकॉकस ह्या बॅक्टेरियाच्या वाळवलेल्या पेशींचं गढूळ पाणी त्यात किती वेगाने निवळतं ते ४५० नॅनोमीटरवर पाहिलं की ॲक्टिव्हिटी कळते. सरांची परवानगी आधी घ्या. उरलेली अंडी होस्टेलवर कुणी ना कुणी संपवतंच.

खरी कमाई त्यानंतरच्या तक्त्यात आहे. प्रत्येक पायरीला आकारमान, एकूण प्रथिन, एकूण ॲक्टिव्हिटी, दर मिलिग्रॅममागे ॲक्टिव्हिटी, टक्के यील्ड. शुद्धता वाढते तसा माल कमी होतो, हे स्वतःच्या आकड्यांत दिसू द्या. मग हा हिशेब करा: पाच पायऱ्या आणि दर पायरीला ९० टक्के हाती लागलं, तर शेवटी ५९ टक्केच उरतं. दर पायरी ९५ वर नेली तर ७७. प्लांटमध्ये एकेका पायरीचा एकेक टक्का वाढवायला माणसं इतकी का झटतात, ते ह्या दोन आकड्यांत आहे.

सहाव्या सेमिस्टरपासून ग्लार्जिनच्या जोडीला एक अँटिबॉडी घ्या, ट्रॅस्टुझुमॅब (कर्करोगावरचं औषध) चालेल. इन्सुलिन सुमारे ५,८०० डाल्टनचं, अँटिबॉडी दीड लाखाच्या घरात, वर साखरेच्या फांद्या. ती बॅक्टेरियात नीट होत नाही, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून काढलेल्या सीएचओ पेशी लागतात. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, ह्या पेशींना जवळजवळ दिवस लागतो. एक बॅच १०-१४ दिवस चालते. तेवढ्यात एक बॅक्टेरिया शिरला तर काय होईल, ह्याचं गणित मांडून बघा. अँटिबॉडीला धरून ठेवणाऱ्या प्रोटीन ए कॉलमवरून ती आम्लाने सोडवतात आणि पीएच ३.५ च्या जवळपास तासभर तशीच ठेवतात, का? कारण त्या आम्लात आवरण असलेले विषाणू निकामी होतात. एका दगडात दोन पक्षी, आणि माझा आवडता इंटरव्ह्यूचा प्रश्न.

आणि ते प्रॅक्टिकलचं जर्नल. सिनियरचं जर्नल आणायचं, रीडिंगसकट उतरवायचं, आकडा चुकला की व्हाइटनर. सगळे करतात हे मला माहीत आहे. कंपनीत ह्याला डेटा इंटिग्रिटीचा भंग म्हणतात आणि नोकरी जाते. आजपासून रीडिंग आलं त्या क्षणी पेनने लिहा. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. ग्राफ वाकडा आला तर वाकडाच लावा आणि का आला ते दोन ओळींत लिहा. दोन मार्क गेले तर जाऊ देत.

प्रवेशाचं थोडक्यात. बारावीनंतर बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी. पुढे एम.फार्म.ला जीपॅट ही प्रवेशपरीक्षा, पास झालात तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड, तो वेळेवर येईल ह्या भरवशावर खोलीचं भाडं ठरवू नका. बी.एस्सी. करणाऱ्यांना पुढच्या शिक्षणासाठी गॅट-बी आणि आयआयटी जॅम ह्या दोन प्रवेशपरीक्षा. बायोप्रोसेसची, म्हणजे टाकीतला ऑक्सिजन आणि ढवळणं ह्याची ओढ असेल तर माटुंग्याच्या आयसीटीकडे (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) नक्की बघा. कॉलेज निवडताना वेबसाइटवरचे फोटो सोडा. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोराला विचारा की एचपीएलसीला तुझा हात लागतो का, की फक्त काचेतून दाखवतात.

वाचायला महागडी पुस्तकं घेऊ नका. औषधांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएच ह्या संस्थेच्या मार्गदर्शिका फुकट आहेत, बायोटेक औषधांच्या तपासणीवरच्या क्यू६बीपासून सुरुवात करा. युरोपच्या औषध नियामकाने मंजूर केलेल्या प्रत्येक औषधाचा मूल्यांकन अहवालही खुला असतो. आपल्या रेणूचा डाउनलोड करून घ्या आणि त्यातला गुणवत्तेचा भाग आधी वाचा. पहिल्या वर्षी दहा ओळींतली एक कळेल. तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि दर सेमिस्टर संपल्यावर तीच पानं पुन्हा उघडा.